ट्रॅफिकचं बिल मांडणारा प्राध्यापक : विल्यम विकरी आणि १९५९ मधला ‘फास्टॅग’

सकाळी नऊच्या सुमाराला फोनवर गुगल मॅप्स उघडा. मुंबई असो, पुणे असो की बंगळुरू, मुख्य रस्ते लालभडक दिसतील. मग कॅबचं अॅप उघडा. नेहमी दोनशे रुपये घेणारी कॅब तेव्हा तीनशे मागते. याला आपण सर्ज प्राइसिंग म्हणतो आणि चडफडत पैसे भरतो. मीही चडफडतो.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? कॅब महाग झाली, तरी ती ज्या रस्त्यावरून जाते तो रस्ता मात्र सकाळी नऊला आणि पहाटे तीनला सारख्याच भावात मिळतो, म्हणजे फुकट. जी वस्तू सगळ्यांना एकाच वेळी हवी असते आणि फुकट असते, तिच्यासाठी रांग लागणारच. आपण त्या रांगेला ट्रॅफिक जॅम म्हणतो.

हा विचार एका माणसानं आयुष्यभर लावून धरला. एक कॉम्प्युटर अख्खी खोली व्यापायचा, त्या काळात त्यांनी गाडीत बसवायच्या टॅगची कल्पना सरकारसमोर मांडली. त्यांचं नाव विल्यम विकरी. वस्तूंच्या किमतीवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं आडनाव मराठी कानाला ‘विक्री’सारखं ऐकू यावं, ही गंमतच. मी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं ते जाहिरातींचा लिलाव समजून घेताना. ट्रॅफिकशी त्यांचा संबंध आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

गणिताकडून करांकडे

विकरींचा जन्म २१ जून १९१४ रोजी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात झाला. ते तान्हे असतानाच कुटुंब अमेरिकेत न्यूयॉर्कला आलं. वडील युद्धग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थेत मोठ्या पदावर होते. विकरींनी १९३५ मध्ये येल विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि मग कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हातात शस्त्र घ्यायला नकार दिला. ते क्वेकर पंथाचे होते आणि हा पंथ युद्ध मानत नाही. त्या काळात त्यांनी पोर्तो रिकोसाठी वारसा कराची पद्धत तयार करायचं काम केलं.

१९४६ पासून ते कोलंबियात शिकवू लागले आणि १९८२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. त्यांचा डॉक्टरेटचा विषय होता करपद्धती. ज्याची ऐपत जास्त त्यानं जास्त कर भरावा, पण हे नेमकं कसं बसवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. कारण गर्दीच्या वेळी रस्त्यासाठी पैसे घ्या, असं म्हणणारा माणूस श्रीमंतांचा वकील असणार असं आपल्याला आधी वाटतं. विकरी तसे नव्हते.

पहिला प्रयत्न : सबवेचं तिकीट

१९५१ च्या सुमाराला न्यूयॉर्क महापालिकेला सबवेच्या भाड्याचा अभ्यास करून हवा होता. ते काम विकरींकडे आलं. तेव्हा तिथे कुठूनही कुठेही, कोणत्याही वेळी जा, भाडं एकच होतं : १० सेंट. गेटमध्ये नाणं टाकायचं आणि आत शिरायचं.

विकरींनी वेगळाच हिशोब मांडला. सबवेचा खरा खर्च गर्दीच्या दोन-तीन तासांमुळे वाढतो. तेवढ्या वेळासाठी जास्त डबे, जास्त चालक, जास्त मार्ग लागतात आणि दुपारी त्यातले बरेचसे नुसते उभे राहतात. मग दुपारी रिकाम्या डब्यातून जाणाऱ्यानं आणि सकाळी खचाखच भरलेल्या डब्यात घुसणाऱ्यानं सारखेच पैसे का भरायचे? वेळ आणि अंतर बघून भाडं बदला, म्हणजे ज्यांना जमेल ते आपली वेळ पुढेमागे करतील, असं त्यांनी सुचवलं.

राजकारण्यांना हे मतांच्या दृष्टीनं धोक्याचं वाटलं आणि अहवाल बाजूला पडला. गंमत बघा, न्यूयॉर्कच्या सबवेत आजही दिवसाच्या कोणत्याही वेळी भाडं तेच आहे. आपल्याकडे मात्र दिल्ली मेट्रो कमी गर्दीच्या वेळी स्मार्ट कार्डवर जादा सूट देते. कल्पना तीच.

१९५४ मध्ये विकरींनी पार्किंगकडे मोर्चा वळवला. जागा भरत आली की मीटरचा दर वाढावा आणि रिकामी असली की उतरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं रस्त्यात सेन्सर बसवून जवळपास हेच करून बघितलं.

१९५९ : गाडीत टॅग, महिन्याला बिल

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसची एक समिती राजधानी वॉशिंग्टनच्या वाहतुकीचा विचार करत होती. विकरींनी तिच्यासमोर आपली योजना ठेवली. प्रत्येक गाडीत एक छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल. गाडी ठरावीक जागांवरून गेली की तिथलं यंत्र तिचा नंबर ओळखेल. ती नोंद कॉम्प्युटरकडे जाईल, आणि कुठून, कोणत्या वेळी गेलात त्याप्रमाणे महिन्याच्या शेवटी टेलिफोनसारखं बिल घरी येईल.

फास्टॅग आठवला ना? फास्टॅगच्या स्टिकरमध्ये एक बारीक चिप आणि अँटेना असते, बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. मग तुमच्या खात्यातून पैसे वळते होतात. तांत्रिक तपशील वेगळे असले, तरी विकरींच्या योजनेचा गाभा हाच होता. राष्ट्रीय महामार्गांवर आपल्याकडे फास्टॅग सक्तीचा झाला फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधे गेली ६२ वर्षं!

लोक म्हणाले, ही यंत्रणा फार महाग पडेल. विकरींनी वाद घालत बसण्याऐवजी स्वतःच्या गाडीत थोड्या पैशांत जुळवलेला एक साधा रेडिओ ट्रान्समीटर बसवला. गाडी घराच्या वाटेवरून गेली-आली की वेळेची नोंद व्हायची. घरी आलेल्या मित्रांना ते ती यादी दाखवायचे. चालतं बघा, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं.

पण पैसे का द्यायचे? जरा हिशोब करू

आता तुम्ही म्हणाल, मी रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो, वर तासभर अडकूनही पडतो. आणखी पैसे कशाचे?

एक साधं गणित बघा. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. समजा एका रस्त्यावर तुमच्यामागे १,००० गाड्या आहेत. तुम्ही तुमची गाडी त्या गर्दीत घातली आणि प्रत्येक गाडीला फक्त एक सेकंद जास्त लागला. एक सेकंद म्हणजे काहीच नाही. पण १,००० गाड्यांचे १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं. तुमचा स्वतःचा प्रवास २० मिनिटांचा असेल, तर खरा खर्च ३७ मिनिटांचा झाला. त्यातली २० तुम्ही भरलीत. उरलेली १७ तुमच्या मागच्यांनी भरली आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. तुमच्या पुढच्यांनीही तुमच्याशी हेच केलेलं असतं.

ट्रॅफिकमध्ये आपण नेहमी दुसऱ्यांच्या गाड्या मोजतो. विकरींच्या हिशोबात आपली गाडीही येते.

१९६९ मध्ये त्यांनी हाच विचार आणखी पुढे नेला. एक अरुंद पूल आहे, मिनिटाला ठरावीक गाड्याच जाऊ शकतात आणि सगळ्यांना नऊ वाजता पोचायचं आहे. रांग लागणारच. आता साडेसातपासून हळूहळू चढणारा आणि नऊनंतर उतरणारा दर लावला, तर काही जण लवकर निघतील, काही उशिरा, आणि रांग विरघळेल. पूल तेवढाच, गाड्याही तेवढ्याच, फक्त थांबणं संपेल. रांगेत गेलेला वेळ कुणाच्याच खिशात जात नाही, तो नुसता धुरात जातो. दर म्हणून घेतलेला पैसा निदान शिल्लक राहतो. त्यातून बस घेता येतात.

आणि धूर हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थांबत-सुटत जाणारी गाडी सरळ चालणाऱ्या गाडीपेक्षा दर किलोमीटरला बरंच जास्त इंधन जाळते. कोंडी आणि प्रदूषण हे सख्खे भाऊ आहेत.

तुमच्या फोनमध्ये विकरी आधीच आहेत

इथे जरा थांबून ती जाहिरातींची गोष्ट सांगतो, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे.

१९६१ मध्ये विकरींनी लिलावावर एक शोधनिबंध लिहिला. सगळ्यांनी बंद पाकिटात बोली लावायची. सर्वात मोठी बोली जिंकेल, पण जिंकणारा दुसऱ्या नंबरच्या बोलीएवढेच पैसे देईल. समजा बोली आल्या ५००, ४५० आणि ३०० रुपयांच्या. वस्तू ५०० वाल्याला मिळेल, पण तो ४५० भरेल. फायदा काय? समोरचा किती बोलेल याचे अंदाज बांधत बसायची गरज राहत नाही. वस्तू तुम्हाला जेवढ्याची वाटते तेवढं सरळ लिहायचं. खरं बोलण्यातच फायदा!

तुम्ही गुगलवर काही शोधता आणि वर जाहिराती दिसतात, तेव्हा त्या जागांचा क्षणार्धात लिलाव झालेला असतो. गुगलनं २००२ मध्ये त्यासाठी जी पद्धत आणली, ती याच दुसऱ्या किमतीच्या लिलावाची पुढची आवृत्ती होती. तिथेही आणि रस्त्यावरही विकरींचा आग्रह एकच होता : किमतीनं खरं सांगावं.

आधी सिंगापूर, तेही कागदावर

वॉशिंग्टननं १९५९ ची योजना उचलली नाही. पहिलं पाऊल टाकलं सिंगापूरनं, जून १९७५ मध्ये. मजा म्हणजे त्यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नव्हतं! सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी शिरायचं तर काचेवर कागदी परवाना चिकटवायचा. दिवसाला ३ सिंगापूर डॉलर. हद्दीवर माणसं उभी राहून डोळ्यांनी परवाना बघायची. गाडीत चार जण असतील तर पैसे माफ. गर्दीच्या वेळची वाहतूक ४० टक्क्यांहून जास्त घटली.

मला ही गोष्ट वाचून धक्काच बसला. आपण समजतो की तंत्रज्ञान नव्हतं म्हणून हे अडलं. पण सिंगापूरनं कागद आणि डिंकावर भागवलं. अडलं होतं ते लोकांची नाराजी पत्करायच्या तयारीवर.

सप्टेंबर १९९८ मध्ये तिथे कागद गेला आणि इलेक्ट्रॉनिक कमानी आल्या, ज्यांचा दर दिवसभरात वेळेनुसार बदलतो. म्हणजे विकरींच्या स्वप्नाच्या अगदी जवळ. पण ते बघायला ते नव्हते.

तीन दिवसांचं नोबेल

८ ऑक्टोबर १९९६ रोजी अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. ते ब्रिटनचे जेम्स मिरलीज आणि विकरी यांना विभागून मिळालं. विकरी तेव्हा ८२ वर्षांचे होते. नोबेल मिळालं ते लिलाव आणि कर यांच्याशी जोडलेल्या सिद्धांतासाठी, ट्रॅफिकसाठी नाही. पण आता सगळ्या जगाचे कॅमेरे समोर होते. इतकी वर्षं जे कोणी ऐकलं नाही ते सांगायची संधी आली, म्हणून विकरी उत्साहात कामाला लागले.

ती संधी तीन दिवस टिकली. रात्रीच्या वेळी ते एकटेच गाडी चालवत एका परिषदेसाठी मॅसॅच्युसेट्सकडे निघाले होते. वाटेत हृदय बंद पडलं आणि स्टिअरिंगवरच त्यांचा शेवट झाला. डिसेंबरमध्ये त्यांचं पदक कोलंबियातल्या एका सहकाऱ्यानं स्वीकारलं.

नंतर काय झालं?

फेब्रुवारी २००३ मध्ये लंडननं मध्यवर्ती भागात येणाऱ्या गाड्यांवर दिवसाला ५ पौंड लावले. इथे टॅग नव्हता, कॅमेरे नंबर प्लेट वाचायचे. पहिल्या काही वर्षांत कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. पुढे रस्त्यांची खोदकामं वाढली आणि कोंडी बरीचशी परतली. म्हणजे हा जादूचा दिवा नाही, हेही सांगायला हवं.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं केलं ते स्टॉकहोमनं. त्यांनी जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने नुसती चाचणी घेतली. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या. चाचणी संपली आणि गाड्या परत वाढल्या. लोकांनी दोन्ही अवस्था डोळ्यांनी बघितल्या. सप्टेंबरमध्ये शहरात मतदान झालं आणि सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या शहरानं होकार दिला. ऑगस्ट २००७ पासून योजना कायमची झाली. नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की हवेतलं प्रदूषण ५ ते १५ टक्के घटलं आणि लहान मुलांना दम्याचे तीव्र त्रास होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शुल्क मोटारवाल्यांनी भरलं आणि मोकळा श्वास मुलांना मिळाला.

आणि न्यूयॉर्क, विकरींचं स्वतःचं शहर? तिथे ५ जानेवारी २०२५ ला हे सुरू झालं. मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली दिवसा कार नेली की ९ डॉलर, रात्री त्याच्या पाव. पैसे सबवे आणि बससाठी. वॉशिंग्टनच्या समितीसमोरच्या त्या साक्षीला तेव्हा ६५ वर्षं उलटून गेली होती.

आपल्याकडे जमेल का?

इथे एक घोळ आधी सोडवू. टोल आणि गर्दीचं शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या पाच वेशींवर कारला ४५ रुपये टोल होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो हलक्या वाहनांना माफ झाला. पण तो टोल पहाटे तीनलाही ४५ आणि सकाळी नऊलाही ४५ होता. तो उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होता, गर्दी पांगवण्यासाठी नाही. उलट नाक्यावरच रांगा लागायच्या. विकरींना तो बिलकुल आवडला नसता.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. श्रीमंत माणूस पैसे फेकून निघून जाईल, बाकीच्यांनी काय करायचं? मला हा आक्षेप खरा वाटतो. पुण्यात दुचाकीवर ऑफिसला जाणारी मुलं हौस म्हणून धूर खात नाहीत. वेळेवर येणारी, बसायला जागा असलेली बस मिळत नाही म्हणून जातात. त्यांच्यावर आधी शुल्क लावलं तर तो दंड होईल. लंडननं शुल्कासोबत शेकडो जादा बस रस्त्यावर आणल्या. स्टॉकहोमनं चाचणीच्या आधीच नवे बसमार्ग सुरू केले. क्रम महत्त्वाचा आहे : आधी बस, मग बिल. आणि त्या बिलाचा प्रत्येक रुपया कुठे गेला हे लोकांना फोनवर दिसलं पाहिजे.

मात्र आत्ताची व्यवस्था गरिबाच्या बाजूची आहे, असंही समजू नका. ५० माणसांची बस एकेकट्या माणसाच्या कारमागे अडकते, तेव्हा वेळेचं शुल्क त्या ५० जणांकडूनच वसूल होत असतं. फक्त पावती मिळत नाही.

तिसरा प्रश्न आपल्यासारख्या फोनवाल्यांचा. महिन्याचं बिल येणार म्हणजे मी कधी कुठे गेलो याची यादी कुठेतरी साठणार. १९५९ च्या योजनेत ही नोंद होतीच. १९९८ च्या सिंगापूरच्या यंत्रणेत पैसे गाडीतल्या यंत्रात घातलेल्या प्रीपेड कार्डातून जागच्या जागी कापले जायचे, त्यामुळे घरी पाठवायच्या बिलाची गरजच नव्हती. म्हणजे तांत्रिक मार्ग निघू शकतो. पण तो आपण आधी मागितला तर.

विकरींच्या गोष्टीतून मी एक गोष्ट उचलली. आपण प्रत्येक समस्येवर एखादं अॅप येईल म्हणून वाट बघत बसतो. इथे यंत्र सुचलेलं होतं, चालवून दाखवलेलं होतं, आणि तरी सहा दशकं गेली. फास्टॅग आपल्या काचेवर आहे, यूपीआय खिशात आहे, नकाशा हातात आहे. नाही ती वेळेवर येणारी बस, आणि आपल्या पैशाचं काय होतं यावरचा भरवसा. नगरसेवक मत मागायला आले, तर नव्या उड्डाणपुलाबरोबर या दोन गोष्टींचंही विचारा.

आणि उद्या सिग्नलला अडकलात की पुढच्या गाड्या जरूर मोजा. फक्त शेवटी आपली एक मिळवायला विसरू नका.